सिंधूचा आकडा

आमच्या बोरगव्हाणात तीस टक्के म्हणजे नापास. पस्तीसला पास, हे शाळेपासून प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे मेघवेध यंत्रणेनं पहिल्या वर्षी 'दुपारी वीज पडण्याची शक्यता तीस टक्के' असा अंदाज दिला आणि मी तो भोंग्यावरून वाचला, तेव्हा पारावर बसलेला सोमाजी बुढा म्हणाला, "म्हंजे इज नापास झाली. चला, वखर जुपा." लोक हसले आणि शेतात गेले. त्याच दुपारी लांजेवारांच्या घरची दोन माणसं मोहाच्या झाडाखाली वीज पडून मेली.

मी मंदा ढोक. याच गावची लेक, याच गावची सून आणि चार वर्षांपासून गावाची मेघमित्र. मेघमित्र म्हणजे यंत्र सांगतं ते माणसांना सांगणारी बाई. हे सोपं काम आहे असं ज्याला वाटतं त्यानं मे महिन्यात, ऊन रणरणत असताना, धसकटं वेचणाऱ्या बायांना 'काम सोडा आणि लोखंडी खोलीत चला' असं एकदा सांगून पाहावं. शिव्या मोजायला दोन हातांची बोटं पुरत नाहीत.

यंत्राबद्दल आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्धा नदीच्या काठचं आमचं रान सपाट. मे महिन्यात काळी जमीन तापते, तापलेली हवा वर उसळते आणि बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्याच्या पोटात बर्फाचे बारीक कण आणि जड गोळ्या एकमेकांवर आदळत असतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गोळ्या ऋण भार घेऊन खाली उरतात. ढगाचा तळ असा ऋण झाला की त्याच्या ओढीनं खालच्या जमिनीत धन भार गोळा होतो. दोन्हींमधला ताण हवेला सोसवेनासा झाला की वीज पडते.

हा ताण मोजता येतो. पूर्वी मोजणारी यंत्रं इतकी विरळ होती की अंदाज यायचा 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी', आणि तुरळक ठिकाण म्हणजे शेजारचं गाव असं प्रत्येक गाव समजायचं. मेघवेधनं दर दोन किलोमीटरवर एक खांब रोवला. खांबांची मापं, रडार आणि उपग्रह यांची सांगड घालून यंत्र आता सांगतं, की पुढच्या चाळीस मिनिटांत अमक्याच्या वावरात धोका किती. वावरांमध्ये चार ठिकाणी लोखंडी पत्र्याच्या आणि जाळीच्या खोल्या बांधल्या आहेत. त्यांच्यावर वीज पडली तर ती बाहेरच्या लोखंडावरून जमिनीत उतरते, आतल्या माणसाला धक्का लागत नाही. दार मात्र घट्ट लागलेलं पाहिजे. सरकारी नाव सुरक्षा निवारा, गावाचं नाव पिंजरा.

यंदा, म्हणजे दोन हजार एकोणचाळीस साली, त्यात नवी भर पडली. यंत्र माणसागणिक आकडा देऊ लागलं. माणूस कुठं आहे हे त्याला फोनवरून कळतंच. अशा दुपारी तो झाडाखाली थांबतो की घराकडे पळतो, हेही ते शिकलं होतं. त्यावरून प्रत्येकाला शून्य ते शंभरमधला एक आकडा, म्हणजे मी आधी कोणाला हाक मारायची ते मला समजावं. तो आकडा माणसाचा नव्हता. त्याच्या पायाखालच्या जागेचा आणि त्याच्या सवयीचा होता. माणूस पिंजऱ्यात शिरला आणि दार लागलं की आकडा शून्य.

यादी फक्त माझ्यासाठी होती. पण एप्रिलच्या पहिल्या वादळात मी घसा फोडून ओरडले आणि पिंजऱ्यात आले चौघं. चौघं! मला लांजेवारांच्या अंगणातली ती दोन तिरड्यांची सकाळ आठवली आणि माझं डोकं फिरलं. संध्याकाळी मी ती यादी गावाच्या ग्रुपवर टाकली, पिंजऱ्यांतल्या विजेच्या फलकांना जोडून दिली, जिथं आकडे क्षणोक्षणी बदलत, आणि भोंग्यावरून सांगितलं, "ज्याचा आकडा मोठा, त्याले इज धुंडत येते."

हे वाक्य यंत्राचं नव्हतं. माझं होतं. पण ते लागू पडलं. पुढच्या वादळाला माणसं पायातल्या चपला हातात घेऊन पळत आली. आठ दिवसांत पिंजऱ्यात जागा पुरेना. तालुक्याहून साहेब आले, त्यांनी माझ्या कामाचं कौतुक केलं, आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

यादीत सगळ्यात वर नाव होतं सिंधूचं.

सिंधू माझ्या वर्गातली. नवरा वारला, मूलबाळ नाही, तीस-बत्तीस बकऱ्या आणि ती. दिवसभर उघड्या रानात हिंडायचं तर आकडा मोठा येणारच. पण सिंधू पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून आलेली. पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते हा आमच्याकडचा जुना समज. लहानपणी आभाळ भरून आलं की तिची आई तिला घरात कोंडायची आणि आम्ही पोरी तिच्या दाराजवळ खेळायला घाबरायचो. दुसरी बाजूही होती. कोणाची कंबर धरली की तिला बोलावणं यायचं, कारण पायाळूनं लाथ मारली की कंबर सुटते म्हणतात. उपसरपंच वसंतराव काळबांडे यांनी तिची लाथ निदान दहा वेळा हात जोडून खाल्ली असेल. हा सगळा समज हळूहळू विरत चालला होता. नव्या पोरांना पायाळू म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. मी त्या समजाला सरकारी आकडा मिळवून दिला.

मे उजाडेपर्यंत नळावर सिंधू आली की बाया हंडे उचलून बाजूला होऊ लागल्या. किराणा दुकानदार तिचं सामान पायरीवर ठेवायचा. ढग आले की ती पिंजऱ्याकडे येत नसे, नाल्याच्या खोलगट जागी बकऱ्यांमध्ये उकिडवी बसून राही. एक दिवस ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"मंदे, माया आकडा काहून एवढा हाय?"

"तू उघड्यावर असतेस म्हणून. दुसरं काही नाही. माझ्या घरात येऊन बस, बघ तुझा आकडा कसा खाली येतो."

"मी पायाळू हाय म्हणून नाई?"

"यंत्राला पायाळू माहीत नाही गं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. भोंग्याचं ती काही बोलली नाही. "बरं" म्हणाली आणि बकऱ्यांमागे निघून गेली. 

रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "उद्या भोंग्यावर सांगून टाकते की मी बोलले ते चूक होतं."

प्रभाकर हात धुवायला उठला होता, तो तसाच थांबला. "सांगशीन अन् लोक पिंजऱ्यात येनं बंद करतीन. मंग एखादा मेला तं त्याच्या घरी काय सांगशीन?"

"आणि सिंधू?"

"तिले जरासाक तरास हाय. मरून तं नाई रायली ना ती."

तो वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं खोडून काढता आलं नाही म्हणून मी गप्प बसले. खरं सांगायचं तर गप्प बसायला कारण मिळालं म्हणून मला बरंच वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. पुढचे दहा दिवस मी घरात एका जागी बसू शकले नाही.

सतरा मेला सकाळी अकरा वाजता लाल निरोप आला. दुपारी दोन ते चार, ताशी सत्तर किलोमीटरचा वारा, गारा, जमिनीवर पडणाऱ्या विजांचं प्रमाण फार जास्त, शक्यता ब्याण्णव टक्के. ब्याण्णव टक्के मी चार वर्षांत कधी वाचले नव्हते. भोंग्यावर माझा आवाज कापला आणि त्याचा चांगला परिणाम झाला. एक वाजल्यापासून माणसं वावरातून निघाली.

मी काळबांडेंच्या वावरातल्या तीन नंबरच्या पिंजऱ्यावर गेले, कारण तिथं गर्दी जास्त होते. दोन वाजता आत मला सोडून बावीस माणसं होती. हवा थांबली होती. पश्चिमेकडून ढग असा येत होता की खालची कड हिरवट काळी आणि वरचा माथा उन्हात पांढरा. फलकावर त्या भागातल्या सगळ्यांची नावं आणि समोर शून्य, शून्य, शून्य. सगळ्यात वर एकच नाव वेगळं होतं. सिंधू, एकाहत्तर.

मी तिला फोन लावला. "कुठं आहेस?"

"नाल्यात पाणी आलं वं मंदे. वरती झाला असन पाऊस. तिथं बसता येत नाई आता. बकऱ्या घेऊन वर आली."

"बकऱ्या सोड आणि तीन नंबरला ये. पळत ये."

"घेतीन का मले?"

"मी आहे ना इथं," मी म्हटलं.

फलकावर एकाहत्तरचे शहात्तर झाले. जाळीतून ती दिसायला लागली, सपाट रानात एकटी, पदर कमरेला खोचून पळत येणारी. वारा सुटला आणि धूळ उठली. मी दाराची कडी काढायला हात घातला तर काळबांडे कडीपुढे येऊन उभे राहिले.

"ताई, तिले आत घ्याचं नाई."

"वसंतराव, बाजूला व्हा."

"तुमीच सांगतलं ना भोंग्यावर? ज्याचा आकडा मोठा त्याले इज धुंडत येते. मंग तिले आत घेऊन या बावीस जणाइच्या डोक्श्यावर इज आनता का?"

मागून बायांचा गलका झाला. हाव, बरोबर हाय. लेकरंबाळं हायेत घरी. दुसऱ्या पिंजऱ्यात जाय म्हना तिले.

"तसं नसतं," मी म्हणाले. "आत आली की तिचाही शून्य होतो."

"मंग तवा खोटं सांगतलं होतं का तुमी?"

मी हो म्हणायला हवं होतं. एकाच शब्दाचं काम होतं. पण मला वाटलं, आत्ता हो म्हटलं तर ही माणसं आणखी काय काय खोटं होतं ते विचारतील, कोणी रागानं घराकडे चालू लागेल, आणि ढग तर डोक्यावर आलेला. असं मी नंतर स्वतःला समजावलं. त्या क्षणी मी नुसती घाबरले होते, एवढंच खरं.

सिंधू जाळीपाशी पोहोचली होती. धापा टाकत होती. तिनं दार वाजवलं नाही. आत कोण काय बोलतंय हे तिला ऐकू येत होतं.

मी काळबांडेंना खांद्यानं ढकललं, कडी काढली आणि बाहेर पाऊल टाकलं. मागे दार लागलं. पहिला टपोरा थेंब माझ्या मानेवर पडला आणि दूर कुठेतरी आभाळ फाटल्याचा आवाज आला. मी सिंधूचा हात धरला. जाळीतून दिसणाऱ्या फलकावर माझं नाव शून्यावरून वर सरकत होतं. बारा, चाळीस, चौसष्ट, आणि मग सिंधूच्याच ओळीत येऊन थांबलं. दोघींचेही शहात्तर. आता तरी यांना कळेल असं मला वाटलं.

सोमाजी बुढ्याचा आवाज जाळीतून आला. "पाहा, पाहा. तिनं हात धरला अन् आकडा मंदाले लागला."

"ताई, हात सोडा तिचा," काळबांडे ओरडले, "अन् तुमी एकट्या आत या. लवकर या."

दार वीतभर उघडलं. माझ्यासाठी. मला संताप आला, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचाच होता. मी त्या फटीत माझा पाय घातला, गुडघ्यापर्यंत, आणि चौकटीला टेकून उभी राहिले. सिंधूचा हात सोडला नाही.

"आता ओढा दार," मी म्हटलं. "दोघी आत येऊ, नाहीतर दार असंच राहील."

त्यांनी ओढलं. माझी नडगी सोलली गेली. पण दार लागलं नाही. दार लागलं नाही की पिंजरा पुरा होत नाही, हे यंत्राला ठाऊक होतं. फलकावर शून्यं हलायला लागली. काळबांडे, नऊ. यमुनाबाई, नऊ. सोमाजी, नऊ. मग सगळे एकदम वीस, मग एकोणतीस. पत्र्यावर पहिल्या गारा वाजू लागल्या.

"छत्तीस झाला माया," सोमाजी बुढा पुटपुटला. "पास झालो मी."

त्यानंच आधी हात पुढे केला. मग चार-पाच हात आले आणि त्यांनी आम्हा दोघींना दंडाला धरून आत खेचलं, दार आपटलं, कडी घातली. मी खाली पडले, माझ्यावर सिंधू. मान वळवून फलक पाहिला. वरपासून खालपर्यंत शून्य. चोविसाच्या चोवीस ओळी.

पाच-सात श्वास गेले असतील. मग सगळं पांढरं झालं. आवाज कानात नाही, छातीत बसला. हातावरचे केस उभे राहिले आणि जळक्या लोखंडासारखा वास आला. पिंजऱ्यावरच पडली होती. काही वेळानं प्रत्येकानं आपापले हात-पाय चाचपले आणि शेजारच्याला हात लावून पाहिला. सिंधूच्या शेजारी काळबांडे होते. त्यांनी तिला हात लावला नाही, पण ते तिथून सरकलेही नाहीत, कारण सरकायला जागा नव्हती.

साडेतीनला गारा थांबल्या. चारला यंत्रानं हिरवा दिवा दिला आणि मी दार उघडलं. रान पांढरं झालेलं. शंभर पावलांवर पळसाखाली सिंधूच्या सात बकऱ्या आडव्या होत्या, बाकीच्या विखरून ओरडत होत्या. सिंधू सरळ तिकडे गेली. एकेका बकरीचे पाय धरून ती ओढून एका रांगेत ठेवू लागली. मी लंगडत तिच्यामागे गेले.

"सिंधू, ते भोंग्यावरचं वाक्य माझं होतं. यंत्रानं असं काही सांगितलं नव्हतं. लोक यावेत म्हणून मी ते बोलले."

ती ओढायची थांबली नाही. "मले कायले सांगतं? मले मालूम हाय. तुया आवाज वळखत नाई का म्या?"

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तू बोलशीन म्हणून वाट पाहून रायली होती." तिनं आणखी एक बकरी रांगेला लावली. "त्याइले सांग."

मी परत पिंजऱ्याकडे गेले. माणसं दारात घोळका करून उभी होती, कोणी गारा उचलून पाहत होतं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, यादी माझ्यापुरती होती हे, वाक्य माझं होतं हे, आणि मघाशी काळबांडेंनी विचारलं तेव्हा मला हो म्हणता आलं नाही हेही.

काळबांडे म्हणाले, "म्हंजे तिच्या अंगात काईच नव्हतं?"

"ती उभी होती त्या जागेत होतं. मी तिथं उभी राहिले, माझाही तोच आकडा आला. तुमचाही आला असता."

"आमाले घाबरवलं तुमी, ताई."

"हो."

"अन् आता उद्याचं काय?" सोमाजी बुढ्यानं विचारलं. "उद्या बी तिखटमीठ लावूनच सांगशीन?"

"उद्या दुपारनंतर पुन्हा आहे. पंचावन्न टक्के. तेवढंच आहे, कमी नाही आणि जास्त नाही."

बुढ्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याला दोष तरी कसा देऊ? तो मला ओलांडून पळसाकडे चालत गेला आणि बाकीचे त्याच्यामागे गेले. सिंधू शेवटची बकरी ओढत होती.

"सिंधू, तू रानात रायतं," तो म्हणाला. "आभाय तुले समजते. उद्याचं हे खरं हाय का वं?"

सिंधूनं बकरीचे पाय खाली ठेवले आणि ओले हात लुगड्याला पुसले. तिनं आभाळाकडे पाहिलं नाही. काळबांडेंपासून माझ्यापर्यंत एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेली.

"उद्या भोंग्यावर मी सांगतो," ती म्हणाली. "आयकान का?"

काळबांडे जमिनीकडे पाहू लागले. यमुनाबाईनं पदर तोंडाला लावला. मी कमरेची चंची सोडली, भोंग्याच्या खोलीची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिनं मूठ मिटली आणि ती तशीच उभी राहिली, उत्तराची वाट पाहत.